शिट्टी न वाजवणाऱ्या कोचचं मैदान : कॉलेजव्हिलमधला शनिवार

सप्टेंबर उजाडला की मिनेसोटात नव्याने आलेली आपली मंडळी हमखास विचारतात, "अमेरिकन फुटबॉलचा एक तरी सामना प्रत्यक्ष बघायचाय, कुठे जाऊ?" बहुतेकांच्या डोक्यात मिनिआपोलिसचं ते व्हायकिंग्जचं भलंमोठं छपराचं स्टेडियम असतं. मी सगळ्यांना एकच उत्तर देते. शनिवारी सकाळी गाडी काढा, आय-९४ महामार्ग धरा, सेंट क्लाउड मागे टाका आणि कॉलेजव्हिलला सेंट जॉन्स युनिव्हर्सिटीचा सामना बघा. वीसेक वर्षं मी तिथे जातेय. नुसतं "जा" म्हणण्यापेक्षा का जा ते एकदा नीट लिहून काढावं, म्हणून हे परीक्षण.

आधीच सांगते, मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघे, खांदे, माना हे माझं रोजचं काम. त्यामुळे हा खेळ बघताना माझी नजर चेंडूवर कमी आणि खाली पडलेल्या मुलावर जास्त असते. उठताना तो कुठला हात टेकतो, मान वळवतो की सगळं अंग वळवतो, बाकाकडे चालत जाताना पाय नीट पडतोय का, हे मला आपोआप दिसतं. माझं मत त्या नजरेतून आलेलं आहे, हे धरून वाचा.

जागा आधी सांगते. बेनेडिक्टाइन भिक्षूंनी १८५७ मध्ये सुरू केलेलं हे कॉलेज अजूनही त्यांच्या मठाला लागूनच आहे. आसपास जंगल आणि तळी. आवारात शिरलं की पहिल्यांदा दिसतो तो वास्तुरचनाकार मार्सेल ब्रॉयरने आखलेल्या चर्चसमोरचा काँक्रीटचा प्रचंड घंटाफलक. लवकर पोचलात तर आत जाऊन त्या चर्चची मधाच्या पोळ्यासारखी रंगीत काचेची भिंत बघून या, दहा मिनिटं लागतात. क्लेमेन्स स्टेडियम उभं केलेलं कमी आणि जमिनीतच सापडलेलं जास्त वाटतं. नैसर्गिक वाटीसारखा खोलगट भाग, तळाशी मैदान, कडेने उंच पाइन. ऑक्टोबरात पाइन हिरवे, बाकीची झाडं पिवळी-तांबडी आणि प्रेक्षक लाल कपड्यांत. बाकांवर बसा किंवा उतारावरच्या गवतात चादर टाका. मला उतार आवडतो. मुलं बरोबर असतील तर उतारच बरा, कारण त्यांना तीन तास एका जागी बसवणं कोणालाच जमत नाही. ऑक्टोबरच्या मध्यानंतर कपडे मात्र तुम्हाला वाटतात त्याहून दोन थर जास्त घाला. मोठा थर्मास भरून चहा घ्या.

खेळाचे नियम माहीत नसले तरी अडत नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, एवढं कळलं की बाकीचं शेजारी बसलेले आजोबा सांगतात. तिथे शेजारी नेहमी कोणीतरी आजोबा असतात आणि त्यांनी नेहमी जॉनच्या हाताखाली खेळलेलं असतं.

जॉन म्हणजे जॉन गॅग्लिआर्डी. हा माणूस कळल्याशिवाय या मैदानाची गंमत अर्धीच कळते.

मी पहिल्यांदा गेले ती ८ नोव्हेंबर २००३ ला, अगदी योगायोगाने. दवाखान्यातल्या सहकारी बाईंकडे एक तिकीट जास्तीचं होतं. समोर बेथेलचा संघ होता. तेरा हजारांवर माणसं त्या वाटीत दाटीवाटीने उभी होती आणि बोचरी थंडी होती. सेंट जॉन्सने २९-२६ असा सामना जिंकला आणि माझ्या आजूबाजूची पोक्त माणसं ढसाढसा रडायला लागली. मला काहीच कळेना. मग सहकारी बाईंनी सांगितलं, हा जॉनचा ४०९ वा विजय. कॉलेज फुटबॉलमध्ये तोवर सर्वांत जास्त विजय ग्रॅम्बलिंग युनिव्हर्सिटीचे कोच एडी रॉबिन्सन यांच्या नावावर होते, ४०८. तो विक्रम आत्ता, तुझ्या डोळ्यांदेखत मोडला. मी खाली बघितलं. सत्त्याहत्तर वर्षांचा, टोपी घातलेला एक म्हातारा माणूस गर्दीत पार हरवून गेला होता आणि त्याच्या दुप्पट आकाराची मुलं त्याला "जॉन, जॉन" अशा हाका मारत होती. कोच नाही, सर नाही, जॉन.

हाकेचं हे प्रकरण मला फार लागलं. आपल्याकडे वस्तादाला नावाने हाक मारली तर तालमीतून बाहेर काढतील. इथे तो नियमच होता: मला कोच म्हणायचं नाही. असे "नाही"चे नियम त्याच्याकडे पुष्कळ होते. सरावात टॅकल नाही, म्हणजे चेंडू घेतलेल्याला पकडून खाली पाडणं नाही. शिट्टी नाही. ब्लॉकिंग स्लेड नाही, म्हणजे मुलांनी खांद्याने ढकलत न्यायची ती गाद्या लावलेली लोखंडी घसरगाडी नाही. वजनं उचलण्याची सक्ती नाही. नव्या मुलांची रॅगिंग नाही. घोषवाक्यं नाहीत. दीड तासाहून लांब सराव नाही. संघात यायचं म्हणणाऱ्या कोणालाही घरी पाठवणं नाही. त्यामुळे त्याच्या संघात दीडशेच्या वर मुलं असायची आणि बाकांपाशी नुसती गर्दी.

हे सगळं आलं कुठून? कोलोरॅडोतलं ट्रिनिडाड नावाचं गाव, तिथल्या इटालियन घरातला हा मुलगा. १९४३ मध्ये कॅथलिक शाळेच्या संघाचा कर्णधार होता. कोचला युद्धावर बोलावणं आलं आणि शाळेला दुसरा कोच मिळेना. संघच बंद पडायची वेळ आली. तेव्हा हा सोळा वर्षांचा पोरगा म्हणाला, मी बघतो. आणि त्याने पहिलं काम काय केलं? खेळाडू म्हणून जे जे सोसावं लागलं होतं ते ते काढून टाकलं. बदकासारखं उकिडवं चालणं, दमवणारी कवायत आणि तहान लागली तरी पाणी न देणं. त्या काळी पाणी न पिणारा मुलगा काटक होतो अशी समजूत होती. याने मुलांना पाणी प्यायला दिलं. वाचायला साधी गोष्ट वाटते. पण उन्हात, हेल्मेट घालून, घामाने निथळणाऱ्या पोराला पाणी नाकारणं म्हणजे काय, हे ज्याने उष्माघाताचा रुग्ण बघितलाय त्याला विचारा.

पुढचं भराभर सांगते. शाळांचे संघ शिकवत शिकवत त्याने कोलोरॅडो कॉलेजची पदवी घेतली. १९४९ मध्ये मोंटानातल्या हेलेनाच्या कॅरल कॉलेजात गेला. चार वर्षांत २४ विजय, ६ पराभव, १ बरोबरी. १९५३ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, सेंट जॉन्सला आला. त्याच्या आधी तिथे जॉनी 'ब्लड' मॅकनॅली कोच होते, व्यावसायिक फुटबॉलमधलं फार मोठं नाव. त्या जागी हा अनोळखी तरुण. तो आला आणि साठ सीझन थांबला. साठ! नोव्हेंबर २०१२ मध्ये, शहाऐंशी वर्षांचा झाल्यावर निवृत्त झाला. एकूण हिशेब ४८९ विजय, १३८ पराभव, ११ बरोबरी. कॉलेज फुटबॉलमध्ये एवढे विजय दुसऱ्या कुठल्याही कोचच्या नावावर नाहीत. मधली काही वर्षं आइस हॉकीचा संघही त्यानेच सांभाळला.

चार राष्ट्रीय विजेतेपदं: १९६३, १९६५, १९७६ आणि २००३. शेवटचं मला सर्वांत जवळचं, कारण तोवर मी त्या वाटीत अडकले होते. डिसेंबरात व्हर्जिनियातल्या सेलममध्ये अंतिम सामना होता आणि समोर ओहायोचं माउंट युनियन. त्यांचे कोच लॅरी केरेस. सातत्याच्या बाबतीत बघाल तर केरेस जॉनच्याही पुढे: ३३२ विजय, फक्त २४ पराभव, ११ राष्ट्रीय विजेतेपदं. त्या दिवशी माउंट युनियन सलग ५५ सामने जिंकून आलं होतं. तीनच वर्षांपूर्वी, २००० च्या अंतिम सामन्यात, त्यांनीच सेंट जॉन्सला १०-७ असं हरवलं होतं. जॉनच्या मुलांनी २४-६ अशी बाजी मारली. सीझनचे चौदाच्या चौदा सामने जिंकले. त्या वर्षीच्या ब्लेक एलियटला तिसऱ्या विभागातल्या सर्वोत्तम खेळाडूचं पारितोषिक मिळालं, आणि त्या पारितोषिकाचं नाव काय, तर गॅग्लिआर्डी ट्रॉफी. माणूस कोच म्हणून मैदानावर उभा असतानाच, १९९३ पासून, त्याच्या नावाने ती दिली जात होती. २००६ मध्ये फ्लोरिडा स्टेटचे कोच बॉबी बाउडन यांच्याबरोबर तो कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये गेला. कोचिंग चालू असताना हा मान मिळणारे हे दोघेच पहिले.

हा तिसरा विभाग म्हणजे काय, तेही कळायला हवं. इथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. पोरगा जीवशास्त्र किंवा हिशेब शिकायला आलेला असतो, फी भरतो आणि वर खेळतो. त्याला सोडून जाण्यापासून अडवायला कोचच्या हातात पैसा नसतो. अशा मुलाला चार वर्षं धरून ठेवायचं तर रोजचा दीड तास त्याला यावासा वाटला पाहिजे. जॉनने हे सगळ्यात आधी ओळखलं, असं माझं पक्कं मत आहे.

२००७ च्या ऑक्टोबरात मी सराव बघायला गेले. सहकारी बाईंचा भाचा संघात होता, त्याला घ्यायला जायचं होतं. मी मुद्दाम तासभर आधी पोचले. दुपारचं तिरपं ऊन, गवतावर मुलं हाफ पँटमध्ये. सुरुवातीला ती पाठीवर आडवी झाली आणि आभाळाकडे बघत एकमेकांना सांगायला लागली, काय छान दिवस आहे. हाही व्यायामाचाच भाग होता. मग डाव सुरू झाले. चेंडू घेतलेला मुलगा उजवीकडून पूर्ण वेगाने आला, बचाव करणारा तिरका धावत त्याच्यासमोर गेला, गुडघ्यात वाकला, पाय रोवले, छाती वर, डोकं बाजूला, हात कमरेभोवती घातले आणि सोडून दिलं. पाडलं नाही. दोघे हसत परत आपापल्या जागी. शिट्टी नव्हती, कोणी ओरडत नव्हतं. आपला डाव संपला हे मुलांना आपोआप कळत होतं. एक डाव चुकला. ऐंशीचा जॉन खिशात हात घालून संथपणे चालत गेला, एका मुलाला दोन पावलं डावीकडे उभं केलं आणि परत आला. तोच डाव पुन्हा, पुन्हा, पुन्हा. मी त्या पावलांवरून नजर हलवू शकले नाही. टॅकल करताना इजा होते ती मुख्यतः शेवटच्या दोन पावलांत: माणूस लांब राहतो, हात पुरत नाहीत, मग डोकं पुढे घालतो. ही मुलं दीड तास तीच दोन पावलं घोटत होती, फक्त धडक वगळून.

त्याच आठवड्यात माझ्याकडे एका शाळेचा मुलगा येत होता. खांदा निखळलेला. वय सोळा. सामन्यात नव्हे, मंगळवारच्या सरावात. दोन मुलांना डोक्याला डोकं लावून जमिनीवर झोपवायचं, शिट्टी वाजली की उठायचं आणि एकमेकांवर आदळायचं, असा तो सराव. समोर त्याचाच जिवलग मित्र होता. मी हात वर न्यायला सांगितलं की तो दात आवळायचा. खांद्याच्या उंचीपर्यंत जायचा आणि थांबायचा. त्याने एकदा विचारलं, सीझनचा शेवटचा सामना तरी मिळेल का? नाही मिळाला. त्याचे वडील बाहेर खुर्चीत बसून राहायचे. ते म्हणाले, आमच्या वेळीही असंच होतं. मला त्यांना हात धरून कॉलेजव्हिलच्या त्या गवतावर न्यावंसं वाटत होतं.

२०१० मध्ये डार्टमथचे कोच बडी टीव्हन्स यांनी सरावातलं टॅकल बंद केलं आणि २०१६ मध्ये आयव्ही लीगच्या, म्हणजे डार्टमथ ज्यात आहे त्या आठ नामांकित कॉलेजांच्या गटाच्या, आठही कोचनी सीझनमधल्या सरावातून ते काढायचं एकमताने ठरवलं. तेव्हा वर्तमानपत्रांत मोठी चर्चा झाली, जणू काही नवा शोध लागला. मिनेसोटातल्या एका छोट्या कॉलेजात हे कित्येक दशकं आधीपासून चालू होतं आणि तो संघ सगळ्यांना हरवत होता. "सरावात आपटला नाही तर सामन्यात घाबरेल" म्हणणाऱ्याला मी ४८९ हा आकडा सांगते आणि गप्प बसते.

जॉनचं सगळंच मला पटतं असं मात्र नाही. वजनं उचलण्याची सक्ती नको, इथे माझं त्याच्याशी जमत नाही. मानेचे आणि खांद्याभोवतीचे स्नायू बळकट असणं हे या खेळात चिलखत आहे आणि एकोणीस वर्षांचं पोर ते आपणहून करेलच असं नाही. त्याची बरीच मुलं आपल्या मनाने व्यायामशाळेत जात, हे खरं. पण दीडशे मुलांत न जाणारी किती असतील, हा प्रश्न मला पडतो. शिवाय १९७६ ते २००३ म्हणजे सत्तावीस वर्षं राष्ट्रीय विजेतेपद आलं नाही, हेही लक्षात ठेवा. आपल्या परिषदेत, म्हणजे नेहमी एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात, तो राज्य करायचा, सेंट जॉन्सकडून सत्तावीस विजेतेपदं मिळवली, पण पुढच्या फेऱ्यांमध्ये अडकायचा. उतारावरचे आजोबा हे ऐकून घेत नाहीत. मी तरीही सांगते.

आणखी एक खंत. या मैदानाचा सगळ्यात मोठा दिवस म्हणजे सेंट पॉलच्या सेंट थॉमसविरुद्धचा सामना असायचा. २०१७ मध्ये तो मिनिआपोलिसच्या टार्गेट फील्डवर भरवला तेव्हा ३७,३५५ माणसं आली. तिसऱ्या विभागात तेवढी गर्दी त्याआधी कधी झाली नव्हती. २०१९ मध्ये परिषदेने सेंट थॉमसला बाहेर पडायला लावलं, २०२१ पासून ते थेट पहिल्या विभागात गेले. नव्याने जाणाऱ्यांना ती टक्कर आता बघायला मिळणार नाही. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. त्या दिवशी उतारावर बसायला जागा मिळवायची म्हणजे सकाळी आठला निघायचं आणि आम्ही निघायचो.

जॉन ७ ऑक्टोबर २०१८ ला गेला, एक्याण्णव वर्षांचा होऊन. २०१३ पासून संघ गॅरी फॅशिंग बघतात. त्यांनी जॉनच्या हाताखाली कित्येक वर्षं सहायक म्हणून काम केलेलं. मुलं बदलली, पण पाइनची झाडं तीच आहेत, आणि उतारावरच्या आजोबांच्या बोलण्यात दर पाच मिनिटांनी जॉन येतो.

शेवटची सूचना, आणि ती फार महत्त्वाची. सेंट जॉन्स तीन-चार टचडाउननी, म्हणजे भरपूर गुणांनी, पुढे गेलं की नवे प्रेक्षक चौथ्या, म्हणजे शेवटच्या, क्वार्टरला उठतात. उठू नका. संघातून कोणाला काढत नाहीत, त्यामुळे चार वर्षं सराव करून एकही डाव न मिळालेली मुलं बाकांपाशी उभी असतात. सामना हातात आला की त्यांना पाठवतात. काही वर्षांपूर्वी माझ्या शेजारी लाल कोट घातलेल्या एक बाई बसल्या होत्या. तीन तास त्या शांतपणे मोजे विणत होत्या. घड्याळात सहा मिनिटं उरलेली असताना खालून कोणीतरी धावत मैदानात शिरलं आणि बाईंच्या मांडीवरून लोकर घरंगळत उतारावर गेली. त्या उभ्या राहिल्या, दोन्ही हात तोंडावर. फोन काढला नाही, फोटो काढला नाही. त्यांचा मुलगा एकूण चार डाव खेळला. तिसऱ्या डावात त्याने समोरच्याला कमरेत धरून खाली आणलं, डोकं बाजूला, छाती वर. उठताना त्याने दोन्ही हात सारखे टेकले आणि ताठ चालत गेला. मी बाईंना सांगितलं, मुलगा एकदम ठणठणीत आहे. त्यांनी माझा हात घट्ट धरला. लोकर शोधायला आम्ही दोघी उतारावरून खाली गेलो, तोवर सामना संपून आईबाप मैदानाकडे निघाले होते.